कल्याणची आनंदीबाई : पत्रें, पडदा व मासिकें

आमच्या त्रैमासिकाचीं पानें सनदा, महजर, शकावल्या आणि ताम्रपट यांच्यासाठीं राखलेलीं असतात. तेथें चलच्चित्राचा विषय आलेला पाहून कांहीं जुने वर्गणीदार भुंवया उंचावतील, हें आम्ही जाणून आहों. पण निमित्त असें घडलें कीं, डोंबिवलीस राहणारी व माध्यमांचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी आपली वही घेऊन आमच्याकडे आली. वहींत तीन रकाने आंखलेले होते : चित्रपट, दूरचित्रवाणीची मालिका आणि नियतकालिकें. विषय एकच, डॉ. आनंदीबाई जोशी. प्रत्येक रकान्यांत दृश्यें, संवाद, वेषभूषा, संगीत, लेखांचे मथळे यांचीं बारीक टिपणें होतीं. आणि शेवटीं तांबड्या शाईनें एक प्रश्न लिहिला होता, कीं या तिहींपैकीं खरी आनंदी कोणती? वही उत्तम होती. प्रश्न मात्र चुकीच्या जागीं होता. आणि तो तसा कां होता हें तिला सांगतां सांगतां आमच्याही कांहीं समजुती आम्हांस तपासाव्या लागल्या. तो सर्व प्रकार येथें नमूद करतों.

पोथ्यांचा संग्रह करणारास हें सांगावयास नको कीं, एकाच ग्रंथाच्या तीन प्रती हातीं आल्या म्हणजे 'खरी कोणती' असें तो प्रथम विचारीत नाहीं. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, मध्यें किती हात लागले, कोणत्या लेखकानें कोठें पदरचें घातलें, हें तो आधीं पाहतो. तोच न्याय आम्हीं येथें लाविला व वहीच्या कोऱ्या पानावर वंशवृक्ष काढून दिला. सर्वांच्या वर पत्रें : पतीस लिहिलेलीं, आणि न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर या बाईंस लिहिलेलीं, जिला आनंदीबाई मावशी म्हणत. त्यांच्या खालीं छापील दोन फांद्या : १८८८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेलें कॅरोलाइन डॉल यांचें इंग्रजी चरित्र, आणि त्यानंतर थोड्याच काळानें काशीबाई कानिटकर यांनीं मराठींत लिहिलेलें चरित्र. मग मध्यें मोठी पोकळी. ती ओलांडून १९६८ सालीं श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी. कादंबरीच्या खालीं त्याच नांवाचें नाटक, कमलाकर सारंग यांनीं दिग्दर्शित केलेली दूरदर्शनवरील हिंदी मालिका, आणि समीर विद्वांस यांचा २०१९ सालचा त्याच नांवाचा मराठी चित्रपट. एका बाजूस, या ओळीला न जोडतां, अंजली कीर्तने यांचें १९९७ चें संशोधनपर चरित्र आम्हीं मांडलें. कारण तें कादंबरीवरून उतरलेलें नसून पुन्हा मुळाकडे, म्हणजे कागदांकडे, गेलेलें आहे. पडद्यावरील आनंदीबाई आणि पत्रांतील आनंदीबाई यांच्यांत एका प्रभावी कादंबरीचें अंतर आहे, एवढें या आकृतीवरून विद्यार्थिनीच्या चटकन् ध्यानांत आलें.

येथें आम्हीं तिला आणखी एक गोष्ट दाखविली, व तीवरून आमचा थोडा पराभव झाला. डॉल यांच्या चरित्राच्या शीर्षकांत आनंदीबाई एकट्या आहेत. काशीबाईंच्या चरित्रांतही एकट्या आहेत. १९६८ नंतर मात्र लोकांच्या तोंडीं जें बसलें तें जोडनांव : आनंदी आणि गोपाळ. एका स्त्रीचें चरित्र एका दांपत्याची कथा बनलें, आणि हा बदल पहिल्या पानाच्याही आधीं, मुखपृष्ठावरच झाला, असें आमचें प्रतिपादन होतें. त्यावर ती मुलगी शांतपणें म्हणाली, "पण आपल्याकडे बाईचें नांव लिहितातच तसें. आनंदी गोपाळ जोशी. आडनांव गाळलें एवढेंच." आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. खरेंच आहे. तें जोडनांवही आहे आणि स्त्रीच्या पूर्ण नांवाचा पूर्वार्धही आहे. शिवाय ज्या काळीं पत्नीनें पतीचें नांव उखाण्यावांचून उच्चारावयाचें नाहीं अशी रूढि होती, त्या काळाचा स्पर्शही त्यांत आहे. कादंबरीकारानें हा दुहेरी अर्थ जाणून योजिला असला पाहिजे. तथापि आमचें म्हणणें आम्ही सर्वस्वीं मागें घेत नाहीं. चित्रपटाच्या जाहिरातींतून जीं दोन मुखें शेजारीं शेजारीं दिसतात, त्यांनीं या दोन अर्थांपैकीं एकच निवडलेला आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यांतील नोकर, विधुर, वयानें पत्नीपेक्षां सुमारें वीस वर्षांनीं मोठे. १८७४ सालीं नऊ वर्षांच्या यमुनेशीं त्यांचें लग्न झालें, व ती आनंदी झाली. पत्नीस शिकवावयाचें हा त्यांचा ध्यास होता आणि तो त्यांनीं लौकिकास न जुमानतां तडीस नेला, यांत वाद नाहीं. वाद आहे तो त्या ध्यासाच्या रीतीविषयीं. आनंदीबाईंनीं अमेरिकेहून पतीस लिहिलेल्या एका पत्रांत या रीतीचा हिशेब मांडलेला आहे. दहाव्या वर्षीं लांकडाच्या तुकड्यांनीं बसलेला मार, बाराव्या वर्षीं अंगावर फेंकलेल्या खुर्च्या व पुस्तकें, टाकून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षींच्या निराळ्याच शिक्षा, असें वयवार टिपण त्यांत येतें. आणि याहून महत्त्वाचें तें पुढें आहे. हें सर्व चांगलें होतें कीं वाईट, हें ठरविणें कठीण आहे, असें ती म्हणते. शेवटच्या हेतूकडे पाहिलें तर योग्य वाटतें, पण मुलाच्या मनावर काय परिणाम होऊं शकला असता तिकडे पाहिलें तर अयोग्य वाटतें, अशा आशयाचा तिचा अभिप्राय आहे. विशीच्या आंतबाहेरची, परमुलुखांत एकटी राहणारी, देह झिजत असलेली एक मुलगी हें लिहिते. निकाल ती देत नाहीं. दोन्ही पारडीं हातांत धरून उभी राहते.

चित्रपटानें गोपाळरावांचा हेका व तापटपणा झांकून ठेविला आहे असें कोणी म्हणूं नये. ललित प्रभाकर यांनीं रंगविलेला हा मनुष्य विक्षिप्त आहे, कठोर आहे, क्वचित् असह्यही आहे. भाग्यश्री मिलिंद यांची आनंदी आरंभीं भेदरलेली व पुढें पुढें पतीच्या डोळ्याला डोळा देणारी होत जाते, तेंही प्रामाणिकपणें साधलें आहे. अडचण अभिनयांत नाहीं, ती चित्रपटाच्या कालगणनेंत आहे. दोन अडीच तासांच्या आंत नऊ वर्षांची मुलगी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पोंचवावयाची, ११ मार्च १८८६ रोजीं तिच्या हातीं एम्. डी. ची पदवी द्यावयाची, आणि लगेच तिचा मृत्यु दाखवावयाचा, असा ज्याचा संकल्प, त्याच्या प्रत्येक मारास पदवीचा उजेड पाठीमागून येऊन पडणारच. प्रेक्षक मार पाहतो तेव्हांच त्याला पदवी ठाऊक असते. पत्र लिहिणारीला ती तशी ठाऊक नव्हती. बाराव्या वर्षीं अंगावर पुस्तक येऊन आदळलें तेव्हां तर मुळींच नव्हती. म्हणून पत्रांत जो प्रश्न उघडा आहे तो पडद्यावर, कोणाच्याही लबाडीवांचून, मिटून जातो. चित्रपट पाहून बाहेर पडणारा मनुष्य गोपाळरावांस क्षमा करतो. ही क्षमा करण्याचा अधिकार जिला होता तिनें ती दिली होती कीं नाहीं, हें पत्र वाचणारास निश्चयानें सांगतां येत नाहीं. विद्यार्थिनीच्या वहींत या जागीं 'भावनिक उत्कर्ष प्रभावी' एवढीच नोंद होती. आम्हीं तिच्यापुढें तें पत्र ठेविलें. दुसऱ्या दिवशीं तिनें नोंद खोडली नाहीं, तिच्याखालीं पत्राचा सारांश लिहिला. हें आम्हांस फार आवडलें, कारण चांगला संग्राहक मूळ ओळ खरडीत नाहीं.

चित्रपटास राष्ट्रीय पारितोषिकांत सामाजिक विषयांवरील उत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, व तो अयोग्य नव्हे. आमचा आक्षेप कलाकृतीवर नसून तिला साधन समजणाऱ्या वाचकावर आहे. येथें एका लहानशा साम्याकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. आमच्या पोथ्यांच्या शेवटीं नक्कल करणारा लेखक एक ठराविक श्लोक लिहितो : जसें पुढें दिसलें तसें उतरलें, शुद्ध असो कीं अशुद्ध, दोष मला देऊं नये. ऐतिहासिक चित्रपटांच्या आरंभीं हल्लीं एक निवेदन झळकतें. तेंही दोष देऊं नये असेंच विनविते, पण कारण नेमकें उलटें सांगतें : जसें दिसलें तसें उतरलेलें नाहीं, कलेसाठीं फेरफार केले आहेत. पोथी वाचणारा तो शेवटचा श्लोक वाचतोच वाचतो. प्रेक्षागृहांतील किती मंडळी आरंभींचें निवेदन वाचतात? माध्यमांच्या विद्यार्थ्यांनीं श्रेयनामावली व हें निवेदन शब्दशः उतरून घेण्याची संवय लावून घ्यावी. संवाद कोणाचे, संशोधन कोणाचें, आधार कोणत्या पुस्तकाचा मानला आहे, हें सर्व तेथें असतें, आणि चित्रपटाच्या बाबतींत तीच पुष्पिका होय.

मालिकेविषयीं फार लिहीत नाहीं. तिच्यांत आम्हांस एकच गोष्ट विचारार्ह वाटली, ती भाषेची. कल्याणच्या ब्राह्मण घरांतलीं माणसें हिंदी बोलूं लागलीं म्हणजे केवळ शब्द बदलत नाहींत. सासू सुनेस, पति पत्नीस, जांवई सासऱ्यास कोणत्या सर्वनामानें हांक मारतो यांत त्या घराची सर्व व्यवस्था बांधलेली असते. देशभर कथा पोंचावी म्हणून हा मोबदला द्यावा लागतो, तो देण्यास हरकत नाहीं, पण मोबदला दिला आहे याची नोंद पाहिजे. आजकाल ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर कितीएक मराठी मालिकांचें चित्रीकरण चालतें. तेथल्या उभारलेल्या वाड्यांत कथेच्या गरजेप्रमाणें कोल्हापूर, पुणें किंवा कोंकण वस्तीस येतें. ठाणेंकराच्या गांवांत सगळा महाराष्ट्र उभा राहतो, ठाणें तेवढें क्वचितच दिसतें. असो.

वेषाच्या रकान्यांत विद्यार्थिनीनें एक प्रसिद्ध छायाचित्र चिकटविलें होतें. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं फिलाडेल्फियास काढलेलें. त्यांत तिघी विद्यार्थिनी आहेत, आपली आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशीं वेषांत. या चित्राखालीं तिनें 'आनंदीचा अमेरिकेंतील पोशाख' असें लिहिलें होतें. आम्हीं तिला सुचविलें कीं, हें 'पोशाखाचें चित्र' आहे खरें, पण रोजच्या पोशाखाचें नव्हे. तीन देशांच्या तीन स्त्रिया ओळीनें बसविण्यांत महाविद्यालयाचा एक हेतु होता. पाहणारास नवल वाटावें यासाठीं तें बसविणें होतें. तेथील थंडींत नऊवारीनें पाय उघडे पडतात म्हणून आनंदीबाईंनीं गुजराती धर्तीचें नेसणें पत्करलें, आणि त्याचा ऊहापोह पतीशीं पत्रांतून केला. म्हणजे नेसण्याचा प्रश्न तिला थंडीचा, अब्रूचा व पतीच्या मर्जीचा असा तिहेरी होता. छायाचित्रांतील लुगडें पाहून शिंप्यास माप देतां येईल, पण हा तिहेरी प्रश्न तेथें दिसत नाहीं. छायाचित्र खोटें बोलत नाहीं असें सर्वजण म्हणतात. सनदही खोटें बोलत नाहीं, परंतु ती कोणाच्या मागण्यावरून लिहिली गेली हें आपण विचारतों कीं नाहीं?

तिसरा रकाना नियतकालिकांचा, आणि तो सर्वांत दुबळा होता. अलीकडील पुरवण्या व दिवाळी अंक यांतील लेख तिनें गोळा केले होते, मात्र आनंदीबाईंच्या हयातींतील एकही अंक त्यांत नव्हता. वास्तविक या सबंध चरित्रास जर कशानें वळण दिलें असेल तर तें एका मासिकाच्या जुन्या अंकानें. १८७८ सालीं कोल्हापुराहून गोपाळरावांनीं अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांस पत्नीच्या शिक्षणाविषयीं पत्र लिहिलें. वाइल्डर यांनीं तें आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकांत छापलें, व ख्रिस्ती होण्याची अपेक्षा सुचविणारें उत्तरही त्यासोबत दिलें. १८८० सालीं मिसेस कार्पेंटर दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं पडला. तेथून पत्रव्यवहार, तेथून २४ फेब्रुवारी १८८३ चें श्रीरामपूर महाविद्यालयांतील आनंदीबाईंचें व्याख्यान, आणि तेथून ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून प्रयाण. (हें श्रीरामपूर बंगालचें, नगर जिल्ह्यांतलें नव्हे, विद्यार्थिनीच्या वहींत ही चूक झाली होती व ती आम्ही छापील लेखांतूनही पाहिली आहे.) दंतवैद्याच्या दिवाणखान्यांत कोणी तो शिळा अंक रद्दींत टाकला असता तर? आमच्या संग्राहक बंधूंनीं हा प्रश्न आपल्या माळ्यावरील गठ्ठ्यांकडे पाहून स्वतःस विचारावा.

ठाणें व कल्याण यांस तर या बाबतींत विशेष जबाबदारी आहे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें, म्हणजे आनंदीबाईंच्या जन्माच्या आदल्या वर्षाचें. ठाण्यास 'अरुणोदय' पत्र १८६६ त निघालें, आणि पुढें त्याच गांवांतून 'हिंदुपंच' हें विनोदी पत्र निघूं लागलें. सुधारक, सनातनी व सरकार या सर्वांची टवाळी करणारें असें पत्र त्या काळच्या समजुतींचा जितका चांगला आरसा असतें तितका गंभीर पत्र क्वचितच असतें. १८९३ सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें, त्यामागें विनायक लक्ष्मण भावे यांचा हात होता, हें 'महाराष्ट्र सारस्वत' वाचलेल्या कोणासही ठाऊक असेल. त्याच भाव्यांनीं जुन्या कवींच्या पोथ्या छापण्यासाठीं 'महाराष्ट्र कवि' हें मासिक चालविलें. ज्या गांवच्या मनुष्यानें मासिकाचा उपयोग पोथी वांचविण्यासाठीं केला, त्या गांवच्या परिसरांत मासिकेंच पोथ्यांसारखीं दुर्मिळ व्हावींत, हें पाहून वाईट वाटतें. विद्यार्थिनीस आम्हीं सांगितलें कीं, पदवी मिळाल्याची व मरणाची बातमी आपल्याकडील पत्रांनीं कोणत्या शब्दांत दिली, आनंदीबाईंस 'डॉक्टर' म्हटलें कीं 'गोपाळरावांची पत्नी' म्हटलें, एवढें जरी तिनें चार अंकांतून उतरून काढलें, तरी तिचा तिसरा रकाना पहिल्या दोहोंपेक्षां भारी होईल.

चित्रपटाच्या कागदांचीही, किंबहुना खुद्द चित्रपटाचीही, तीच गत आहे, याचें उदाहरण कल्याणच्याच नांवावर आहे. बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२४ सालीं 'कल्याण खजिना' हा मूकपट काढला. शिवछत्रपतींच्या कल्याणविजयाची ती कथा. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची जी गोष्ट या विजयाशीं जोडली जाते, ती समकालीन कागदांपेक्षां उत्तरकालीन बखरींच्या, कीर्तनकारांच्या व शाहिरांच्या मुखीं अधिक नांदली. पेंटरांनीं तिच्यांतून काय उचललें व काय सोडलें, सुभेदाराचा दरबार कोणत्या चित्रावरून उभारला, हें पाहण्याची इच्छा कोणाही इतिहासाभ्यासकास होईल. पाहावें कसें? त्या काळची फीत नायट्रेटची, आपोआप सडणारी व ठिणगीसरशीं पेटणारी. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं, तोंवर मूकपटांचा बहुतेक संसार नाहींसा झाला होता. आणि जें जमविलें त्यांतीलही पुष्कळसें नायट्रेट २००३ च्या जानेवारींतील आगींत गेलें. आनंदीबाईंच्या बाबतींत कागद आहेत व पडद्यानें ते झांकले आहेत. 'कल्याण खजिन्या'च्या बाबतींत पडदाच गेला, व आतां कोणाच्या जुन्या पेटींत जाहिरातपत्रक, तिकीट किंवा कथासाराची चोपडी सांपडेल तर तीच प्रत. आमच्या वाचकांपैकीं कोणाकडे असें कांहीं असल्यास त्यांनीं तें क्षुल्लक समजूं नये. मोडी कागदाच्या शेजारीं तें ठेवण्यास आमची हरकत नाहीं. पांच वर्षांपूर्वीं होती, हेंही कबूल करतों.

शेवटीं जन्मस्थानाचा मुद्दा राहिला. ३१ मार्च १८६५ हा जन्मदिवस सर्वत्र दिला जातो. स्थान मात्र कोणी कल्याण सांगतात, कोणी पुणें. माहेर कल्याणचें, तेथील जमीनदारीचें व पुढें खालावलेलें, हें निश्चित. बाळंतपण आजोळीं होण्याची रीत पाहतां दोन्ही पक्षांत मुळांत विरोध असेलच असें नाहीं. विद्यार्थिनीनें चित्रपटावरून 'कल्याण' असें शाईनें लिहिलें होतें. आमच्या सांगण्यावरून तिनें तेथें पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह केलें, व मृत्यूच्या रकान्यांत पुणें, २६ फेब्रुवारी १८८७ असें भरलें. रक्षा मात्र कल्याणासही नाहीं व पुण्यासही नाहीं. ती मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यांत आली व न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी गांवच्या दफनभूमींत त्यांच्या कुटुंबाच्या जागेंत आहे.

वही परत नेण्यापूर्वीं तिची एक प्रत आम्हीं करवून घेतली, व ती संग्रहाच्या नोंदवहींत 'विवेचन, हस्तलिखित, वर्तमान' या सदराखालीं दाखल केली आहे. तांबड्या शाईचा तो प्रश्न तिनें अद्याप खोडलेला नाहीं. त्याच्या बाजूस वंशवृक्ष मात्र आतां नीट आंखून काढला आहे, आणि तिसऱ्या रकान्यांत चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.